180 मुलं, 24 प्रश्न, सहा शाळा: चाचणीच्या उत्तरांना बेझियन मॉडेल लावताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षणशास्त्रातल्या पीएच.डी.साठी तुम्ही आठवीच्या 180 विद्यार्थ्यांना 24 बहुपर्यायी प्रश्नांची गणिताची चाचणी दिलीत. शाळा सहा; तिथल्या तीन शाळांत कृतियुक्त पद्धतीनं शिकवलं गेलं, उरलेल्या तीन शाळांत नेहमीसारखं. सोबत गणिताच्या भीतीवर 12 विधानांची, पाच पर्यायांची प्रश्नावली भरून घेतली. मग उत्तरांना थ्री-पीएल मॉडेल लावलं, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला काठिण्य, भेदनक्षमता (हुशार आणि कच्ची मुलं वेगळी ओळखण्याची ताकद) आणि अंदाजानं उत्तर बरोबर येण्याची शक्यता असे तीन आकडे. सॉफ्टवेअरनं दोन प्रश्नांची भेदनक्षमता 30 च्या वर दाखवली, एकाची ऋण दाखवली, आणि 24 पैकी 24 मिळवलेल्या चार मुलांची क्षमता काढायलाच नकार दिला. एका मित्रानं सांगितलं, बेझियन कर, म्हणजे आधीचा अंदाज आणि हातातली उत्तरं जोडून निष्कर्ष काढ, सगळं सुटेल. मार्गदर्शक म्हणतात, एकूण गुण घ्या, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) लावा. प्रायर, म्हणजे उत्तरं पाहण्याआधीचा तो अंदाज, त्यांच्या मते आपल्या मनातलं आकड्यांत घुसवणं आहे.

बेझियन कराच, पण मित्रानं सांगितलेल्या कारणासाठी नाही. भेदनक्षमतेचे विचित्र आकडे प्रायर लावल्यावर दबतील हे खरं, पण तो किरकोळ फायदा. खरा फायदा हा की आधी प्रत्येक मुलाचा गुण काढायचा, तो पक्का समजायचा आणि मग त्यावर पुढची चाचणी लावायची, ही दोन पायऱ्यांची पद्धत सोडता येते. प्रश्न, मूल, शाळा आणि शिकवण्याची पद्धत एकाच मॉडेलमध्ये राहतात आणि प्रत्येक ठिकाणची अनिश्चितता शेवटच्या उत्तरापर्यंत पोचते. तुमच्या अभ्यासात ही गोष्ट फार मोठी आहे.

मार्गदर्शकांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते अर्धं बरोबर आहे. डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांनी 1960 मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये सर्व प्रश्नांची भेदनक्षमता सारखी धरतात. ते मॉडेल मान्य केलं आणि सगळ्यांनी सगळे प्रश्न सोडवले असतील, तर मुलाच्या क्षमतेबद्दलची सगळी माहिती त्याच्या एकूण गुणांत असते. कुठले 15 बरोबर आले यानं अंदाज बदलत नाही, 15 आले एवढंच पुरतं. म्हणून मुलांचा नुसता क्रम लावायचा असेल तर एकूण गुण आणि राश मॉडेल एकच क्रम देतील. एवढ्यासाठी कुणी स्टॅन (बेझियन मॉडेलं चालवणारं सॉफ्टवेअर) चालवत बसू नये.

पण टी-टेस्टचं काय? शिकवण्याची पद्धत शाळेला मिळाली आहे, मुलाला नाही. एका शाळेतली 30 मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, एकाच वस्तीतून येतात. ती 30 स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. गुणांतल्या एकूण विचरणापैकी दहावा हिस्सा जरी शाळाशाळांमधल्या फरकाचा असला, तरी 1 + (30 − 1) × 0.1 = 3.9 इतक्या पटीनं नमुना आक्रसतो. 180 मुलांची किंमत सुमारे 46 मुलांएवढी होते आणि विश्वास अंतराल जवळपास दुप्पट रुंद होतो. साधी टी-टेस्ट हे पाहतच नाही. ती 178 स्वातंत्र्यमात्रा धरून 0.05 स्तरावर सार्थकता जाहीर करील आणि तोंडी परीक्षेत एखाद्या बाह्य परीक्षकानं 'शाळा किती होत्या?' एवढंच विचारलं की सगळं अडेल. शिक्षणशास्त्रातल्या प्रबंधांत ही चूक इतकी मुरली आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे.

आता सॉफ्टवेअर का अडखळलं ते. चाचणीतला अवघड प्रश्न घ्या. अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता ठरवायची तर ज्यांना तो प्रश्न अजिबात येत नाही अशी बरीच मुलं हवीत. भेदनक्षमता ठरवायची तर काठिण्याच्या अलीकडे-पलीकडे बरीच मुलं हवीत. 180 मुलांत ती दोन्हीकडे पुरत नाहीत. मग काठिण्य थोडं वाढवलं, अंदाजाचा आकडा थोडा वाढवला आणि भेदनक्षमता आकाशाला भिडवली, तरी वक्र जवळपास तसाच बसतो. सॉफ्टवेअर त्या सपाट पठारावर भरकटतं. 24 प्रश्नांचे प्रत्येकी तीन म्हणजे 72 आकडे 180 मुलांकडून मागणं हीच मुळात जास्तीची मागणी आहे.

ऋण भेदनक्षमतेचा प्रश्न मात्र मॉडेलवर सोडू नका. आधी उत्तरसूची काढा. हुशार मुलं चुकतात आणि कच्च्या मुलांचं उत्तर बरोबर येतं याचा अर्थ बहुतेक वेळा सूचीत 'ब'च्या जागी 'क' छापलं गेलंय, किंवा प्रश्नाला खरोखर दोन उत्तरं निघतात. बेझियन मॉडेलमध्ये भेदनक्षमता धनच असेल असा प्रायर सर्रास लावतात. त्याला सबळ कारणही आहे: सगळ्या भेदनक्षमतांची, काठिण्यांची आणि क्षमतांची चिन्हं एकदम उलटी केली तरी मॉडेल तितकंच चांगलं बसतं. मग सॉफ्टवेअरच्या नमुने काढणाऱ्या साखळ्यांपैकी एक सरळ उत्तरात जाते, दुसरी आरशातल्या. पण तोच प्रायर चुकीच्या उत्तरसूचीवर पांघरूणही घालतो. म्हणून पूर्वीपासून चालत आलेलं प्रश्न-विश्लेषण, वरच्या आणि खालच्या 27 टक्के मुलांची तुलना, आधी हातानं करा. तुमच्याकडे ते 49-49 मुलांचे गट होतील. जुनी रीत आहे, पण या कामाला आजही पुरते.

प्रायर म्हणजे मनातलं घुसवणं, या आक्षेपाला एक उत्तर तुमच्या आत्ताच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. डॅरेल बॉक आणि मरे एटकिन यांनी 1981 मध्ये जी पद्धत दिली, ती बहुतेक आयआरटी (म्हणजे राश, थ्री-पीएल अशी मॉडेलं लावणारी) सॉफ्टवेअर आजही वापरतात. प्रश्नांचे आकडे काढताना ती मुलांच्या क्षमता सामान्य वितरणातून आल्या आहेत असं गृहीत धरते. हा प्रायरच आहे, फक्त मेनूमध्ये त्याचं नाव दिसत नाही. चार मुलांची क्षमता मिळाली नाही, कारण शेवटी गुण देताना तुम्ही महत्तम संभाव्यतेचा पर्याय निवडला असणार. त्यात पूर्ण गुण मिळवणाऱ्याची क्षमता अनंत निघते. दुसरा पर्याय निवडला असता तर त्याच प्रायरच्या आधारे आकडा मिळाला असता. हरिहरन स्वामिनाथन आणि जॅनिस गिफर्ड यांनी 1982 मध्ये राश मॉडेलला बेझियन पद्धत लावली, 1992 मध्ये जिम अल्बर्ट यांनी गिब्ज सॅम्पलिंगनं (संगणकाकडून एकामागून एक नमुने काढण्याच्या रीतीनं) ती सहज चालवता येईल अशी करून दाखवली. म्हणजे हे काल आलेलं फॅड नाही.

प्रायर कुठे खरोखर बोलतो ते एका उदाहरणानं पाहा. समजा 24 प्रश्न सारख्याच, शून्य काठिण्याचे आहेत आणि एका मुलाचे सगळे बरोबर आले. क्षमतेचा प्रायर सरासरी 0, प्रमाण विचलन 1 असा ठेवला तर त्याच्या क्षमतेचा सर्वांत संभाव्य आकडा 2.3 च्या आसपास येतो. 'मला काहीच गृहीत धरायचं नाही' म्हणून प्रमाण विचलन 10 ठेवलं तर तोच मुलगा 6 वर जातो. लॉजिट मापावर (बरोबर येण्याच्या आणि चुकण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉग) 6 म्हणजे हा मुलगा अशा चारशे प्रश्नांत एकदा चुकेल. चोवीस प्रश्न विचारून असं म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? मधल्या गुणांच्या मुलांवर या निवडीचा फारसा परिणाम होत नाही, टोकाच्या मुलांवर प्रचंड होतो. म्हणून क्षमतेचं प्रमाण विचलन हातानं ठरवू नका, तुमच्या 180 मुलांकडूनच अंदाजू द्या. त्यावर अर्ध-सामान्य प्रायर (सामान्य वितरणाचा फक्त धन भाग), मापांक 1, पुरेसा आहे.

'रुंद प्रायर म्हणजे निष्पक्ष प्रायर' ही समजूत इथे घातक ठरते. काठिण्याला सरासरी 0, प्रमाण विचलन 10 दिलं आणि एकही उत्तर न पाहता मॉडेलकडून काल्पनिक वर्ग तयार करून घेतला, तर मूल-प्रश्न जोड्यांपैकी सुमारे 70 टक्के जोड्यांत बरोबर येण्याची शक्यता 2 टक्क्यांहून कमी किंवा 98 टक्क्यांहून जास्त निघते. म्हणजे बहुतेक प्रश्न एक तर सगळ्यांना येतात किंवा कुणालाच येत नाहीत. असा वर्ग तुम्ही कधी शिकवला आहे का? प्रमाण विचलन 1.5 ठेवलं तर अशा जोड्या 3 टक्क्यांच्या आसपास येतात. हा प्रयोग मॉडेल चालवण्याच्या आधी करायचा, आणि प्रबंधात त्याचा आलेख द्यायचा. प्रायर कुठून आला, या प्रश्नाचं ते सर्वांत सरळ उत्तर.

तर तुमच्यासाठी पहिलं मॉडेल राश, बहुस्तरीय. आर भाषेत बीआरएमएस हे पॅकेज आहे, ते आतून स्टॅन चालवतं. फाईल लांब आकारात करा: एका ओळीत एक मूल, एक प्रश्न, बरोबर की चूक. 180 गुणिले 24, म्हणजे 4320 ओळी. सूत्र साधारण असं:

बरोबर ~ गट + (1 | शाळा) + (1 | विद्यार्थी) + (1 | प्रश्न)

यात गट म्हणजे शिकवण्याची पद्धत आणि (1 | शाळा) म्हणजे प्रत्येक शाळेला स्वतःचा आकडा. कुटुंब बर्नुली (उत्तर बरोबर किंवा चूक एवढंच), दुवा लॉजिट. इथे प्रश्नासमोर येणारा आकडा सोपेपणा दाखवतो. काठिण्य हवं तर चिन्ह उलटा. शाळांच्या प्रमाण विचलनाला अर्ध-सामान्य प्रायर, मापांक 0.5. हा एक प्रायर असा आहे की त्यावर तुम्हाला खरोखर विचार करावा लागेल, कारण सहा शाळा त्याबद्दल फार थोडं सांगू शकतात. तो 0.25 आणि 1 करूनही चालवा आणि गटांमधला फरक तिन्ही वेळा किती आला ते तक्त्यात द्या. फरक हलला तर हलला म्हणून लिहा. हा प्रायर मनातला असेल, पण तो कागदावर आहे आणि परीक्षक त्याच्याशी भांडू शकतात. टी-टेस्टमध्ये शाळांचं विचरण शून्य धरलेलं असतं आणि ते कुठेच लिहिलेलं नसतं.

यानंतरचं पाऊल मला स्वतःला सर्वांत रोचक वाटतं. सूत्रातला प्रश्नाचा भाग (1 + गट | प्रश्न) असा करा. म्हणजे पद्धतीचा परिणाम प्रश्नागणिक वेगळा असू शकतो. कृतियुक्त पद्धतीचा फायदा भूमितीच्या आणि अपूर्णांकांच्या प्रश्नांत जास्त, बैजिक राशींत कमी, असं काही दिसू शकतं. 24 प्रश्नांवर 24 टी-टेस्ट लावल्या असत्या तर निव्वळ योगायोगानं एखादी बहुधा सार्थक आली असती. इथे प्रत्येक प्रश्नाचा फरक सरासरीकडे ओढला जातो, ज्याच्यामागे कमी पुरावा तो जास्त ओढला जातो, त्यामुळे वेगळा दुरुस्तीचा उपाय सहसा लागत नाही. मात्र एकच प्रश्न फार बाहेर पडला तर तो पद्धतीचा परिणाम की त्या तीन शाळांत तो प्रश्न आधी सरावाला दिला होता, हे मॉडेल सांगणार नाही. ते शिक्षकांना फोन करून विचारावं लागतं.

टू-पीएल, म्हणजे प्रश्नागणिक काठिण्य आणि भेदनक्षमता असे दोन आकडे, हवंच असेल तर भेदनक्षमतेला लॉगनॉर्मल प्रायर, 0 आणि 0.5, लावा, मध्यक 1 येतो आणि 95 टक्के भाग साधारण 0.38 ते 2.66 मध्ये राहतो. 30 चा आकडा मग येत नाही. तेव्हा क्षमतेचं प्रमाण विचलन 1 वर बांधायला विसरू नका, नाहीतर दोघं एकमेकांना ढकलत राहतील. अंदाजाचा आकडा प्रत्येक प्रश्नाला वेगळा देऊ नका. सगळ्या प्रश्नांना मिळून एकच, चार पर्याय असतील तर बीटा(6, 16) सारखा, ज्याचं शिखर 0.25 वर आहे. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय सापडतात; तुम्ही तसे प्रश्न उचलले असतील तर त्यांचा आकडा वेगळा, कारण चारातून दोन निवडण्याच्या सहा रीती होतात आणि निव्वळ अंदाजानं बरोबर येण्याची शक्यता 1/6 उरते.

प्रश्नावलीकडे वळू. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये ही पद्धत मांडल्यापासून 'पूर्ण असहमत'ला 1 आणि 'पूर्ण सहमत'ला 5 देऊन बेरीज करण्याची सवय लागली आहे. त्यात 1 ते 2 आणि 4 ते 5 हे अंतर सारखंच मानलं जातं. फुमिको समेजिमा यांचं 1969 चं श्रेणीबद्ध प्रतिसाद मॉडेल हे मानत नाही: पाच पर्यायांमध्ये चार उंबरठे असतात आणि ते कुठे आहेत हे उत्तरंच ठरवतात. 180 मुलांत एखाद्या विधानाला 'पूर्ण असहमत' दोघांनीच म्हटलं असेल तर साध्या पद्धतीत तो उंबरठा पळून जातो, प्रायर त्याला जागेवर ठेवतो. शेजारचे पर्याय एकत्र करून पाचाचे तीन करण्याची गरज मग राहत नाही.

'अनिश्चित' हा मधला पर्याय जपून वाचा. तेरा वर्षांची मुलं तो 'मध्यम भीती' म्हणून निवडत नाहीत. विधान कळलं नाही, कंटाळा आला, किंवा बाईंनी पाहिलं तर काय म्हणतील, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. शिवाय 'मला गणिताचा तास आवडतो' अशी उलटी विधानं असतीलच. बाराही विधानांना 'सहमत' म्हणणारं मूल भित्रंही नाही आणि निर्धास्तही नाही, ते नुसतं होकार देतंय. यासाठी प्रत्येक मुलाला दोन आकडे द्या: एक भीतीचा, जो उलट्या विधानांत चिन्ह बदलतो, आणि एक होकाराचा, जो बदलत नाही. उलटी विधानं तीन-चार तरी असतील तर हे दोन वेगळे काढता येतात. एकच असेल तर नाद सोडा.

भीती आणि गणित यांचा संबंध हा तुमचा दुसरा उद्देश आहे. बेरजांचा सहसंबंध गुणांक मोजला तर तो खऱ्यापेक्षा लहान येतो, हे स्पिअरमन यांनी 1904 मध्येच दाखवलं. खरा सहसंबंध −0.5 असेल, चाचणीची विश्वसनीयता 0.8 आणि प्रश्नावलीची 0.7 असेल, तर हाती −0.37 लागतो. दोन्ही भाग एकत्र मॉडेलमध्ये घालून मुलाचे दोन आकडे परस्परसंबंधित ठेवले की दुरुस्ती आपोआप होते, आणि अंतरालही प्रामाणिक येतो. सहसंबंधाला एलकेजे प्रायर, 2. तो फक्त +1 आणि −1 च्या टोकांपासून जरा दूर ठेवतो.

मॉडेलमधून प्रत्येक मुलाची सरासरी क्षमता काढून, ती एक्सेलमध्ये नेऊन तिथे पुन्हा सहसंबंध काढण्याचा मोह होईल. करू नका. त्या सरासऱ्या मध्याकडे ओढलेल्या असतात, त्यांचं विचरण खऱ्यापेक्षा कमी असतं, आणि अनिश्चितता वाटेत गळून पडते. पिसासारख्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणात याच कारणासाठी एका विद्यार्थ्याला एक गुण देत नाहीत, पोस्टिरियरमधून (उत्तरं पाहिल्यानंतरच्या अंदाजाच्या वितरणातून) काढलेली अनेक मूल्यं देतात. 2012 पर्यंत पाच, 2015 पासून दहा. तुमच्याकडे तर स्टॅननं काढलेले हजारो नमुने आहेत. जी काही तुलना करायची ती प्रत्येक नमुन्यात करा, मग उत्तरांचा पसारा पाहा.

एका मुलाबद्दल किती बोलता येतं याचाही हिशेब मांडून ठेवा. मध्यम क्षमतेच्या मुलासाठी प्रत्येक प्रश्न साधारण 0.2 माहिती देतो. 24 प्रश्नांची 4.8, त्यात प्रायरची 1, मिळून 5.8. त्यावरून क्षमतेची प्रमाण त्रुटी 0.4 च्या थोडी वर. दोन मुलांत दोन गुणांचा फरक असेल तर पुढचा मुलगा खरोखर पुढे असण्याची संभाव्यता जेमतेम 70 टक्के. शाळांनी तुमच्याकडे मुलांची क्रमवारी मागितली, आणि शाळा ती मागतातच, तर हा आकडा दाखवा.

तपासणीत तीन गोष्टी पाहा. आर-हॅट (साखळ्या एकमेकींशी जुळल्या का याचं माप) सगळीकडे 1.01 च्या आत आणि स्टॅनकडून डायव्हर्जन्सचा (नमुने काढताना वाट चुकल्याचा) एकही इशारा नाही, हे प्राथमिक. मग मॉडेलकडून पुन्हा 180 मुलांचे वर्ग तयार करून घ्या आणि गुणांचं वितरण खऱ्याशी ताडून पाहा. तिसरी गोष्ट बहुतेक जण करत नाहीत: प्रश्नांच्या जोड्या पाहा. एकाच तक्त्यावर किंवा आकृतीवर तीन-चार प्रश्न असतील तर ते मॉडेल म्हणतं त्यापेक्षा जास्त एकत्र बरोबर किंवा चूक येतात. त्या गटासाठी मॉडेलमध्ये वेगळं पद जोडावं लागतं. एकाच शाळेत काही जोड्या फार जुळल्या, तेही चुकीच्या पर्यायांवर, तर कारण आकृतीत नसून बाकांच्या मांडणीत असतं. शेवटचे प्रश्न कोरे सोडलेले दिसले तर वेळ संपला की सोडून दिले, हे ठरवून मगच चूक धरा. मॉडेलांची तुलना एकेक ओळ वगळून करण्यापेक्षा एकेक मूल वगळून करा, कारण तुमचं विधान नव्या मुलाबद्दल आहे, त्याच मुलाच्या पंचविसाव्या प्रश्नाबद्दल नाही.

मार्गदर्शकांसाठी निष्कर्षात शून्य परिकल्पनेची भाषा ठेवायची असेल तर ठेवा, पण शेजारी हे तीन आकडे द्या: कृतियुक्त गट पुढे असण्याची संभाव्यता, फरक लॉजिटमध्ये अंतरालासह, आणि तोच फरक 24 पैकी किती गुणांचा. शेवटचा आकडा सगळ्यांना कळतो. अंतराल रुंद येईल आणि बहुधा शून्याला स्पर्श करील; सहा शाळांत ते अपेक्षितच आहे. शाळांचे सहा आकडे वेगवेगळे दाखवणारा आलेख परिशिष्टात टाकू नका, चौथ्या प्रकरणात सार्थकतेच्या तक्त्याच्या आधी घाला.